कोरकूत बोलणारी सिस्टर हवी

महोदय,
मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठवलेल्या कोरकू आदिवासींच्या गावांपैकी काही आमच्या अकोट तालुक्यात येऊन वसली. मी निवृत्त आरोग्यसेविका. अशा एका वस्तीत बरीच वर्षे लसीकरणाला जात होते.

गाव सोडताना कुटुंबामागे दहा लाखांचे पॅकेज मिळाले म्हटले की इथले लोक डोळे मोठे करतात. पण पैसा आला तसा मोटारसायकल, लग्न, उसनवारीत गेला. जंगलात मोहफुले, तेंदूपाने, चारोळी आणि ओढ्यातली मासळी होती. घरची कोदो-कुटकी ही भरड धान्ये होती. इथे मजुरी मिळाली तरच चूल पेटते, आणि कापूस वेचून झाला की तीही नाही. एका बाळंतिणीचे हिमोग्लोबिन अवघे सहा निघाले. गोळ्या दिल्या, तर सासू म्हणाली, "बाई, गोळ्या ठेवा, खायला काय ते सांगा." मला उत्तर सुचले नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही अधूनमधूनच.

२०१९ मध्ये काही कुटुंबे परत जंगलात गेली, संघर्ष झाला, तेवढ्यापुरती बातमी आली. त्यांना हट्टी म्हणणाऱ्यांनी आधी त्यांचा स्वयंपाक बघावा.

मागणी साधी आहे. वस्तीतल्याच मुलींना एएनएमचे (सहायक परिचारिका-प्रसाविकेचे) शिक्षण देऊन तिथेच नेमा. मराठीत विचारलेल्या "काय होतंय?" या प्रश्नाला कोरकू बाई नुसती मान हलवते, आणि रजिस्टरमध्ये 'तक्रार नाही' असे लिहिले जाते. मीही लिहिले आहे. कापूस वेचून झाल्यावर मजुरी थांबते, तेव्हा रोजगार हमीची कामेही वस्तीजवळच काढावीत.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, अकोट