मावशी, केसांसाठी काही घेताय का?

राजारामपुरीतल्या लॅबमधल्या ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण चारचौघांत नाव घेतलेलं तुम्हाला आवडणार नाही असं वाटतं. पत्र मात्र उघड लिहितेय. तुम्ही आईला जो प्रश्न विचारलात, तो थायरॉईडची गोळी चालू असलेल्या प्रत्येक घरात विचारला जायला हवा.

आईची थायरॉक्सिनची, म्हणजे कमी पडणारं थायरॉईडचं हार्मोन भरून काढणारी गोळी कित्येक वर्षं 100 मायक्रोग्रॅमची. सकाळी उपाशीपोटी गोळी, मग रंकाळ्याला फेरी, शुक्रवारी अंबाबाईचं दर्शन. सगळं सुरळीत चाललेलं. मग एका रिपोर्टात टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं हार्मोन, थायरॉक्सिन जास्त झालं की ते उतरतं) एकदम तळाला गेला आणि फ्री टी-फोर (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) वर चढला. कागदावरून अर्थ सरळ निघत होता, गोळी जास्त होतेय. या वयात थायरॉक्सिन जास्त झालं तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होतात. म्हणून डॉक्टरांनी डोस 75 वर आणला. पुन्हा तपासलं, आकडे तसेच. मग 50.

आणि आई दिवसेंदिवस खचत चालली. थायरॉईड जास्त झालेलं माणूस वाळतं, घामाघूम होतं, त्याच्या छातीत धडधडतं, झोप उडते. इथे सगळंच उलटं. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, पोट साफ नाही, दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवसांत अख्खं कोल्हापूर उन्हानं तापलेलं असताना आई पायात मोजे आणि अंगावर शाल घेऊन बसलेली. "पाय कसे जड झाल्यात बघ," एवढंच म्हणायची. आम्ही रिपोर्ट दाखवला की गप्प व्हायची. छापील आकड्यापुढे बाईमाणसाचं दुखणं किती पटकन खोटं ठरतं, हे मी त्या महिन्यांत पाहिलं.

त्या सकाळी तुम्ही आईच्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपायला कोपरावर बोट ठेवलं आणि थांबलात. "मावशी, हात एवढा गार आणि कोरडा कशानं?" मग शेजारच्या फाईलमधला आधीचा रिपोर्ट उघडलात, परत आईच्या तोंडाकडे पाहिलंत. आणि विचारलंत, "केसांसाठी, नखांसाठी काही घेताय का?"

"घेते की. केस लई गळाय लागलेत."

पट्टी पर्समध्येच होती. तुम्ही ती पालथी करून उजेडात धरलीत आणि बारीक अक्षरांवर नख टेकवून मला दाखवलंत: बायोटिन, 10 मिलिग्रॅम. दंडाचा पट्टा सोडलात. "आज रक्त घेत नाही. मी डॉक्टर नाही, पण ही पट्टी डॉक्टरांना दाखवा आणि मगच या." पावतीही तुम्हीच रद्द केलीत.

डॉक्टरांनी पट्टी बघितली आणि त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी जे समजावलं ते इथे लिहिते, कारण हे माहीत नसलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत. बायोटिन हे ब जीवनसत्त्वांपैकी एक. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम पुरतं, आणि केसांच्या गोळीत 10 मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या तीनशे पटींहून जास्त. शरीराला त्याचा सहसा त्रास होत नाही, घोळ होतो तो चाचणीत. पुष्कळ लॅबच्या मशीनमध्ये हार्मोन पकडायला बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन यांची जोडी वापरतात, कारण ही दोन एकमेकांना घट्ट चिकटतात. रक्तातच बायोटिन भरपूर असलं की ते मध्ये घुसून जागा अडवतं आणि मशीनला मिळणारा इशारा क्षीण होतो. टीएसएचच्या चाचणीत क्षीण इशारा म्हणजे हार्मोन कमी, फ्री टी-फोरच्या चाचणीत क्षीण इशारा म्हणजे हार्मोन जास्त. त्यामुळे एकाच नळीतल्या रक्तात एक आकडा खोटा खाली आणि दुसरा खोटा वर. दोन्ही मिळून हुबेहूब "गोळी जास्त झाली" असंच चित्र उभं करतात. सगळ्या मशीनची पद्धत अशी नसते, म्हणून एकाच माणसाचे दोन लॅबमधले आकडे जुळत नाहीत असंही होतं.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2017 सालीच याबद्दल जाहीर इशारा दिला होता. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीत बायोटिनमुळे आकडा खोटा कमी आला आणि एक रुग्ण दगावला, अशी नोंद त्यात आहे. हे वाचल्यावर मला तुमचा तो सोडलेला पट्टा आठवला.

आईनं डॉक्टरांच्या सांगण्यावरून केसांची गोळी थांबवली. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ती बंद हवी असं सांगतात. आईचा डोस मोठा म्हणून त्यांनी जास्त दिवस थांबायला लावलं. मग तुमच्याकडेच रक्त दिलं. टीएसएच खूप वर, फ्री टी-फोर खाली. आईचं शरीर इतके महिने जे सांगत होतं तेच अखेर कागदावर आलं. डोस पायरीपायरीनं पुन्हा 100 वर नेला. टीएसएच सावकाश हलतो, डोस बदलला की खरा आकडा कळायला सहा ते आठ आठवडे जातात, त्यामुळे धीर धरावा लागला. मधल्या महिन्यांत केस आणखी गळले तेही थायरॉईड कमी पडल्यामुळेच असावं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ज्या त्रासावर ती गोळी घेतली, तो त्रास त्याच गोळीमुळे वाढला.

डॉक्टर विचारतात, "आणखी कुठलं औषध?" आपण बीपीचं सांगतो, शुगरचं सांगतो. केसांची गोळी कुणी औषधात धरतच नाही. आईनंही धरली नव्हती, आणि त्यात तिला दोष द्यावा असं मला वाटत नाही. विचारणाऱ्यानं नाव घेऊन विचारलं तरच ती गोष्ट बाहेर येते, आणि तुम्ही नेमकं तसं विचारलंत.

दुसऱ्या वेळी तुम्ही आणखी दोन गोष्टी सांगितल्यात. थायरॉक्सिन घेतल्यावर काही तास फ्री टी-फोर चढलेला असतो, म्हणून तपासणीच्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यात आणि थायरॉक्सिनमध्ये चार तासांचं अंतर. आणि मधले आठवडे गोळी चुकवून तपासणीच्या तोंडावर नेमानं घेतली, तर टीएसएच वर आणि टी-फोर मात्र चांगला, असा कोड्यात टाकणारा रिपोर्ट येतो, हे डॉक्टरांकडून कळलं. हे वाचून कुणी आपला डोस आपणच वाढवू-कमी करू नये, एवढी विनंती. आकडे आणि अंग जुळत नसेल तर घेत असलेली प्रत्येक पट्टी डॉक्टरांपुढे ठेवा.

आई आता रंकाळ्याची फेरी पुरी करते, आणि शाल कपाटात गेलीय. तिनं भिशीत हा सगळा किस्सा सांगितला, तेव्हा बायकांनी तिथेच पर्स उघडून पट्ट्या वाचल्या. एकीच्या गोळीत बायोटिन निघालं. तिलाही थायरॉईड आहे. गोळी बंद करून, डॉक्टरांना विचारून ती पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतेय.

तुमचे मनापासून आभार, ताई. आईकडून आशीर्वाद.

आपली,
मंगळवार पेठेतली एक मुलगी