सणाला पाळीवर कोण?

३० ऑक्टोबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या पाडव्याला तुझा फोन आला तेव्हा मागे इतका गलका होता की धड बोलता आलं नाही. तू विचारलंस, "कुठे आहेस?" मी म्हणालो, "सफाई कामगारांच्या हजेरी शेडमध्ये." तुला नवल वाटलं, की लेखा विभागाचा माणूस पाडव्याच्या सकाळी हजेरी शेडमध्ये काय करतोय! त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. आता दिवाळीची गडबड उरकली आहे. स्थानिक संस्थांच्या निवडणुका ३१ जानेवारीच्या आत घ्यायच्या असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितल्यामुळे त्या कामाचे आदेश कधीही हातात पडतील. तेवढ्यात सगळं लिहून टाकतो.

आमच्या नगरपरिषदेचा जुना शिरस्ता तुला ठाऊक आहे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारी चारला सभागृहात फराळ. मुख्याधिकारी साहेब दोन शब्द बोलणार, मग चकली-चिवडा, चहा, एक ग्रुप फोटो आणि पाचला जो तो आपापल्या घरी. कार्यक्रम वाईट नव्हता, पण दुपारी चार ही टेबलाशी बसणाऱ्यांची वेळ. सफाईची माणसं पहाटे येतात आणि दुपारी घरी जातात. चारला परत यायचं तर पदरचे रिक्षाचे पैसे घालून यायचं. व्हॉल्व्हमन त्या वेळी संध्याकाळचं पाणी सोडायच्या तयारीत असतो आणि फायरमनला गाडी सोडून हलता येत नाही. म्हणजे ज्यांच्या जिवावर गावाची दिवाळी नीट पार पडते, तेच आमच्या दिवाळीत कुठे नसायचे.

यंदा हे बदललं, आणि त्याची सुरुवात झाली मार्चमध्ये.

या वर्षी ३० मार्चला गुढीपाडवा आणि ३१ मार्चला रमजान ईद आली होती. मार्चअखेर म्हणजे काय असतं ते तुला सांगायला नको. वसुलीचे काउंटर दोन्ही दिवस उघडे, आमच्या टेबलावर बिलांचा ढीग, घरी जायची शाश्वती नाही. कर विभागातल्या आमच्या भाईंनी ईदच्या रजेचा अर्जच केला नव्हता, मिळणार नाही हे त्यांनी गृहीत धरलं होतं. तेव्हा जन्म-मृत्यू नोंदणीच्या मॅडम आपणहून त्यांच्या टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "पाडव्याला सकाळी तुम्ही बसा, मी गुढी उभारून, नैवेद्य दाखवून येते. ईदला तुमच्या काउंटरवर मी." साहेबांनी तोंडी होकार दिला. ईदच्या दिवशी दुपारी भाई शीरखुर्म्याचा मोठा डबा घेऊन आले, सगळ्यांना वाढला आणि तडक काउंटरवर बसले. रात्री उशिरापर्यंत उठले नाहीत.

त्यातूनच एक वही सुरू झाली. साधी दोनशे पानी वही, आस्थापना विभागाच्या कपाटात असते. कुणाला कोणता सण घरी हवा आणि त्या दिवशी त्याची पाळी कोण करणार, एवढंच तिच्यात लिहायचं. चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा, आषाढी, बकरी ईद, गौरी, नाताळ, सगळं त्यात आलं. पाणीपुरवठ्यातल्या एका अण्णांनी तर गावच्या जत्रेचा दिवस लिहिला. माझं मत विचारशील तर कार्यालयातला एकोपा मला या वहीत दिसतो. रांगोळी स्पर्धा हव्यात, क्रिकेटचे सामनेही हवेत, त्यांनी ओळखी वाढतात. पण आपल्या सणाला आपल्या जागी कुणी तरी उभं राहिलं, हे माणूस विसरत नाही.

गणेशोत्सवाला यंदा राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला, त्यामुळे कामही वाढलं. कृत्रिम हौद, निर्माल्य कलश, मिरवणुकीच्या मार्गावरचे खड्डे, लोंबणाऱ्या तारा. सहा सप्टेंबरच्या विसर्जनाला या वेळी प्रत्येक हौदावर मिश्र पथक होतं: एक लिपिक, एक फायरमन, सफाईची दोन माणसं. मी ज्या हौदावर होतो तिथे सफाईच्या एक मावशी होत्या. आम्ही कारकून मंडळी हार उचलून सरळ कलशात टाकत होतो. त्यांनी थांबवलं. "साहेब, आधी दोरा ओढा." हाराचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली धरून त्यांनी एका झटक्यात दोरा काढून दाखवला, फुलं एकीकडे, दोरा दुसरीकडे. नायलॉनचा दोरा खतात कुजत नाही, यंत्रात गेला तर गुंडाळून बसतो. मग रात्रभर आम्ही तेच केलं. त्यानंतर त्या मावशी पगाराची चौकशी करायला आल्या की आमच्या विभागात खुर्ची पुढे सरकवली जाते. आधी त्या दारातच उभ्या राहायच्या.

सप्टेंबरअखेर मराठवाड्यात आणि सोलापूरकडे सीनेला जो पूर आला, त्याच्या बातम्या बघून कर्मचाऱ्यांनीच ठरवलं की यंदाच्या दिवाळीत ऑर्केस्ट्रा नको. त्याची वर्गणी तिकडे गेली. यावर फार चर्चासुद्धा झाली नाही.

दसरा नेमका दोन ऑक्टोबरला आला. म्हणजे एकाच दिवशी दसरा, गांधी जयंती आणि 'स्वच्छता ही सेवा' अभियानाची सांगता. आदल्या दिवशी खंडेनवमीला अग्निशमनच्या गाडीची आणि घंटागाड्यांची पूजा झाली, झेंडूचे हार घातले, ते सगळं नेहमीप्रमाणे. पण दसऱ्याला सकाळी मोहीम घ्यायची म्हणजे सफाई कामगारांना सण नाही, आणि आमच्यातल्या कितीतरी जणांना तर विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं असतं. वही काढली. कर, बांधकाम आणि लेखा विभागांनी मोहिमेची पाळी घेतली, खराटे आम्ही हातात घेतले आणि नागपूरची मंडळी आदल्या रात्रीच गाडीत बसली. परत येताना त्यांनी आमच्यासाठी दीक्षाभूमीचं कॅलेंडर आणलं, ते आता आस्थापनेच्या भिंतीवर आहे.

आता पैशाचं, कारण सणाच्या गप्पा त्याशिवाय अर्धवट. तुमच्या मुंबई महापालिकेनं गेल्या वर्षी २९,००० आणि यंदा ३१,००० रुपये सानुग्रह अनुदान, म्हणजे आपण ज्याला दिवाळी बोनस म्हणतो ते, दिलं, हे इकडे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. तुमच्या आरोग्य स्वयंसेविकांना १४,००० रुपये भाऊबीज भेट मिळाली, तेही वाचलं. मनापासून आनंद झाला. पण बोनसच्या कायद्यातून स्थानिक संस्थांचे कर्मचारी वगळलेले आहेत. जे मिळतं ते संस्थेच्या ऐपतीवर आणि ठरावावर. आमच्यासारख्या नगरपरिषदेचे पगारच राज्याच्या सहायक अनुदानावर निघतात, तिथे ३१,००० कुठून यायचे? आम्हा कायम लोकांना सण अग्रिम मिळाला, तो हप्त्याहप्त्यानं पगारातून वळता होईल. त्यावर दिवाळी होते, तक्रार नाही.

माझा जीव अडकला होता तो ठेकेदाराच्या माणसांत. सफाईतली निम्म्याहून जास्त माणसं आता ठेक्यावर आहेत. एकाच बीटवर, म्हणजे सफाईच्या ठरलेल्या पट्ट्यात, एक कायम, एक ठेक्यावरचा. दोघांच्या हातात तोच खराटा आणि दोघांची हजेरी त्याच मुकादमकाकांकडे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ठेकेदाराचं बिल माझ्या टेबलावर आलं आणि त्याला कामगारांचा पीएफ भरल्याचं चलनच जोडलेलं नव्हतं. चलनाशिवाय बिल काढायचं नाही, हा नियम मी कधी मोडणार नाही, कारण त्याच नियमामुळे या लोकांचा पीएफ भरला जातो. पण बिलावर त्रुटी काढून ते परत पाठवलं असतं तर पगार दिवाळीनंतर झाले असते. म्हणून मी, आरोग्य निरीक्षक आणि मुकादमकाका असे तिघे ठेकेदाराला समोर बसवूनच उठलो. टिपणीत मी कंत्राटी कामगार कायदा, १९७० मधलं कलम २१ लिहिलं: ठेकेदारानं पगार थकवला तर मूळ मालकानं, म्हणजे आपल्या नगरपरिषदेनं, तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायचा. साहेबांनी त्याच दिवशी सही केली. दुसऱ्या दिवशी चलन आलं, बिल निघालं आणि धनत्रयोदशीच्या आत पगार खात्यावर पडले. मित्रा, लेखा विभागात इतकी वर्षं काढली, पण एखादं बिल पास करताना इतकं समाधान क्वचित मिळालं असेल.

बोनस मात्र त्यांना मिळाला नाही. ठेकेदाराच्या कामगारांना बोनसचा कायदा लागू आहे, किमान ८.३३ टक्के. ठेकेदार म्हणतो की माझ्या दरात तो धरलेलाच नाही. पुढच्या निविदेत बोनस वेगळ्या ओळीत दाखवायचा, असा शेरा साहेबांनी टिपणीवर मारला आहे. तो निविदेत उतरेपर्यंत मी पाठ सोडणार नाही.

तर आता पाडव्याच्या सकाळकडे येतो. फराळ सभागृहात चारला न घेता पाडव्याला हजेरी शेडमध्ये, सफाईच्या न्याहारीच्या वेळेला घ्यायचा असं ठरलं होतं. मी पहाटेच बाजारपेठेच्या बीटवर गेलो. लक्ष्मीपूजनानंतरची बाजारपेठ तू कधी अंधारात पाहिली आहेस का? लडींचा लाल कागद रस्ताभर, आणि दवानं भिजून तो डांबराला असा चिकटलेला की खराटा वरून नुसता घसरत जातो. तो पायानं खरवडावा लागतो. फुलबाज्यांच्या तारा चपलेतून आरपार घुसतात, म्हणून मावशी त्या आधी हातानं वेचतात. दुकानांच्या दारातले केळीचे खुंट, न खपलेल्या झेंडूचे ढीग. झेंडू ओला असला की दुप्पट जड. मी एका मावशींना विचारलं, घरचं पूजन झालं का? म्हणाल्या, "झालं की. केरसुणीला हळदकुंकू वाहिलं, पोरांना जेवू घातलं आणि चारचा गजर लावून झोपले." सात वाजता दुकानदार शटर उघडू लागले तेव्हा रस्ता आरशासारखा स्वच्छ होता. रात्री किती कचरा होता, हे त्यांना कधी कळणार?

शेडमध्ये पंगत बसली. ठेक्यावरचे आणि कायम एकाच ओळीत, वाढायला कर आणि बांधकाम विभाग. फराळ विकत आणला नव्हता, प्रत्येकानं घरून डबा आणला होता. मुकादमकाकांच्या घरचे अनारसे सगळ्यात आधी संपले. अग्निशमनची मंडळी गाडी शेडच्या दारातच उभी करून बसली होती. मधेच वर्दी आली, धुमसत्या फटाक्यामुळे मंडईमागच्या कचऱ्यानं पेट घेतला होता. ते ताटं तशीच ठेवून पळाले. आम्ही ताटांवर झाकण घातलं. अर्ध्या तासानं काजळलेल्या तोंडानं परत आले, तेव्हा मावशींनी त्यांचा चहा नव्यानं ठेवला. भाषण कुणी केलं नाही. तुझा फोन आला तो याच वेळी.

साहेब तिथे तासभर बसले आणि त्यामुळे आणखी एक काम झालं. बायकांना हातपाय धुवायला, कपडे बदलायला शेडमध्ये आडोसाच नाही. अर्ज पूर्वीही आले होते. पण डोळ्यांनी पाहणं वेगळं. साहेबांनी अभियंत्यांना तिथेच सांगितलं, नळ आणि खोलीचं अंदाजपत्रक करा. ते अंदाजपत्रक माझ्याकडेच येणार आहे, मी वाट पाहतोय.

एक-दोघांनी नाकं मुरडली, हेही सांगतो. शेडमध्ये वास येतो, दिवाळीत तिथे कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला ते अजिबात पटत नाही. तिथे आपली माणसं वर्षभर जेवतात, मग आपल्याला एक सकाळ तिथे बसता येत नाही? पुढच्या वर्षी ते दोघेही येतील असं मला वाटतं, आम्ही त्यांना आग्रहानं बोलावणार आहोत.

आता तुझ्याकडे मागणं. एक, तुमच्याकडे ठेकेदाराच्या कामगारांच्या पीएफ आणि बोनसबद्दल निविदेत ज्या अटी घालतात, त्यांची प्रत मिळाली तर पाठव. आमचा मसुदा नोव्हेंबरात होईल. आणि दुसरं, एकतीस डिसेंबर जवळ येतोय. तुमच्या वॉर्डात एक जानेवारीच्या पहाटे किती काम पडतं ते मी ऐकून आहे. नाताळ ज्यांच्या घरचा सण आहे, त्यांची पाळी त्या दिवशी कोण करतंय, एवढं आजच विचारून बघ. वही तुमच्याकडेही सुरू होईल. मोठ्या महापालिकेत जमणार नाही असं म्हणू नकोस. तुझ्या एका खात्यापुरती तरी जमेलच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. सवडीनं उत्तर लिही, आणि या वेळी फोनवर नको, पत्रानंच.

तुझा मित्र