पूर-अंदाजाचे शिक्षण कोकणातही हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिपळुणातल्या २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठी नदीतल्या गाळाची चर्चा भरपूर झाली. मात्र पुराचा अंदाज बांधणारा संशोधक कसा घडतो, याकडे आपल्या महाविद्यालयांनी फारसे लक्ष दिलेले नाही. भूगोल वा स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीनंतर मुंबईची आयआयटी किंवा डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था येथे पदव्युत्तर शिक्षण आणि पुढे पीएचडी, हा मार्ग खुला आहे. पण बारावीच्या मुलांना तो सांगणार कोण?

या विषयाची खरी कसोटी कोकणातच लागते. पावसाळ्यात आभाळ भरलेले असल्याने साध्या उपग्रह छायाचित्रांत नदी दिसतच नाही. रडारच्या लहरी मात्र ढगांतून आरपार जातात आणि संथ पाण्यावरून उपग्रहाकडे न परतता पलीकडे परावर्तित होत असल्याने पुराचा भाग चित्रात काळा उमटतो. (बाजारपेठेतल्या दाटीच्या इमारतींत हे गणित फसते, ही त्यातली मेख.) ३० जुलै २०२५ रोजी सोडलेला ‘निसार’ हा रडार उपग्रहही त्याच मार्गावर १२ दिवसांनी परततो, आणि आपला पूर तर काही तासांत चढतो. म्हणून उपग्रहाकडून जमिनीचा उंचसखलपणा घेतला, तरी अंदाज सह्याद्रीतला पाऊस, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत येणारे पाणी आणि दाभोळ खाडीची भरती यांच्या तासागणिक नोंदींवरच बांधावा लागतो. या नोंदी विद्यार्थ्यांना अर्ज-विनंत्यांविना मिळाव्यात, अशी व्यवस्था शासनाने करावी.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, चिपळूण