सँ-जँगॉल्फला जाण्याआधी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

जिनिव्हा सरोवराकाठच्या सँ-जँगॉल्फला जाणार आहेस, तर पासपोर्टाइतकीच हातातल्या पिशवीचीही काळजी घे. गावाच्या मधून मोर्ज नावाचा ओढा वाहतो. पश्चिमेला फ्रान्स, पूर्वेला स्वित्झर्लंड. ही वाटणी १५६९मध्ये तोनों गावी झालेल्या तहातली. तेव्हा पश्चिमेला साव्हॉय नावाचं वेगळं राज्य होतं, १८६०मध्ये ते फ्रान्सला जोडलं गेलं. चर्च मात्र एकच राहिलं, फ्रेंच काठावर, आणि दोन्हीकडची माणसं तिथेच येतात. जुलै १९४४मध्ये जर्मनांनी फ्रेंच बाजू जाळली, तेव्हा लोक पूल ओलांडून स्विस बाजूला पळाले.

२००८पासून स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे सीमेवर पासपोर्ट न तपासण्याचा करार केलेल्या युरोपीय देशांमध्ये आहे, त्यामुळे पुलावर रोज पासपोर्ट बघत नाहीत. तरी तो जवळ ठेव, कधीही अडवू शकतात. पण स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या जकात-व्यवस्थेबाहेर आहे, आणि लोक फसतात ते इथेच. फ्रान्समधून स्विस बाजूला येताना माणशी दिवसाला एक किलो मांस चालतं. वर गेलं की किलोला १७ फ्रँकपासून जकात. वाइन पाच लिटरपर्यंत. एकूण खरेदी १५० फ्रँकच्या आत हवी (२०२५च्या आधी ही मर्यादा ३०० होती). ती ओलांडली तर कर फक्त वरच्या रकमेवर नाही, सगळ्या मालावर लागतो! माल जास्त असेल तर आधीच जाहीर कर; लपवलेलं सापडलं तर दंड वेगळा.

फोनचं नेटवर्क हाताने निवड. युरोपीय संघाची रोमिंग सवलत स्वित्झर्लंडला आपोआप लागू नाही, आणि फ्रेंच काठावर उभा असतानाही फोन स्विस टॉवर पकडू शकतो. चार्जरचा प्लग चपटा आणि दोन बारीक गोल काट्यांचा असेल तर दोन्हीकडे बसतो. फ्रेंच जाडा गोल प्लग स्विस सॉकेटात जात नाही. सुटे युरो आणि फ्रँक दोन्ही ठेव.

ट्रेनने यायचं तर स्वित्झर्लंडमधल्या सँ-मॉरीसहून ये, गाडी स्विस बाजूच्या स्टेशनात संपते. पुढे फ्रान्समधल्या एव्हियाँकडे रूळ दिसतील, पण त्यावरची नियमित प्रवासी वाहतूक १९३८मध्येच बंद झाली, त्यामुळे नकाशातली ती रेघ बघून बेत आखू नकोस. पलीकडे रस्त्यानेच जावं लागेल. उन्हाळ्यात बोटीही असतात, फक्त परतीची शेवटची वेळ आधी बघून ठेव.

तुझा,
अनिकेत