तक्रार: लॉगआउट केलं तरी आईचंच खातं

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
औषधं घरपोच देणारी आपली कंपनी

विषय: ॲपमधून लॉगआउट केल्यावरही जुनं खातं काही स्क्रीनवर चालू राहणं आणि त्यामुळे चुकीच्या ताकदीची गोळी घरी येणं

महोदय,

माझी आई गेली दोन वर्षं आपल्या ॲपवरून औषधं मागवते. ती मिरजेत राहते. मिरजेत दवाखान्यांना आणि औषधांच्या दुकानांना तोटा नाही, पण तिसऱ्या मजल्यावरून उतरणं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. मी पुण्यात मोबाइल ॲप बनवण्याचंच काम करते, त्यामुळे पत्र थोडं लांबणार आहे. ते ग्राहक सेवेकडे न ढकलता ॲप लिहिणाऱ्यांपर्यंत पोचवावं, ही विनंती.

घडलं ते असं. समोरच्या फ्लॅटमध्ये माझी काकू राहते. तिच्याकडे बटणांचा फोन आहे, म्हणून तिची औषधं आईच्या फोनवरून मागवायची ठरली. थायरॉइडची गोळी दोघींनाही चालू आहे. आईला 25 मायक्रोग्रॅमची, काकूला 100 ची. आईनं ‘माझं खातं’मध्ये जाऊन लॉगआउट केलं, काकूचा नंबर टाकला, काकूच्या फोनवर आलेला ओटीपी भरला. वर ‘नमस्कार’ म्हणून काकूचं नाव आलं. मग प्रिस्क्रिप्शनचा फोटो काढून चढवला. काकूची औषधं आली नाहीत. ‘प्रिस्क्रिप्शन मिळालं नाही’ असा मेसेज तेवढा आला. शेवटी पुतण्यानं ती दुकानातून आणून दिली आणि विषय तिथेच राहिला.

पुढच्या महिन्यात आईनं स्वतःच्या खात्यातून ‘पुन्हा मागवा’ दाबलं. पार्सलमध्ये 25 च्या बाटलीऐवजी 100 ची बाटली. काकूचं प्रिस्क्रिप्शन आईच्या खात्यात जाऊन बसलं होतं आणि आपल्या यंत्रणेनं डोस बदलला असं धरलं होतं. आई बाटलीवरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचते, म्हणून वाचली. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं थायरॉक्सिनचा चौपट डोस रोज घेतला तर काय होईल, हे आपल्याच फार्मासिस्टला विचारा. छातीतली धडधड हा त्यातला किरकोळ भाग. (प्रिस्क्रिप्शनवर नाव काकूचं होतं, तेही कुणी वाचलं नाही. त्याची तक्रार वेगळी केली आहे.)

मी मिरजेला गेले तेव्हा त्याच फोनवर सगळं पुन्हा करून पाहिलं. आईच्या खात्यातून लॉगआउट, मग माझ्या नंबरानं लॉगिन. होम स्क्रीनवर माझं नाव. कार्ट माझं. ‘प्रिस्क्रिप्शन’ उघडलं तर आईचे कागद. ‘माझ्या ऑर्डर’ उघडलं तर आईच्या ऑर्डर. स्क्रीनवर जुनंच काही उरलं असेल म्हणून बोटानं खाली ओढून रिफ्रेश केलं, तर त्याच दिवशी सकाळी निघालेल्या तिच्या पार्सलची ताजी नोंद आली. म्हणजे त्या स्क्रीनकडे आईचं टोकन (लॉगिन झाल्यावर सर्व्हर देतो तो डिजिटल परवाना) अजून होतं आणि आपला सर्व्हरही ते मुकाट्यानं मान्य करत होता. लॉगआउटनं फोनवरचं टोकन सगळीकडून पुसलं नव्हतं आणि सर्व्हरवर ते रद्दही झालं नव्हतं.

प्रत्येक स्क्रीननं आपापली लॉगिनची चूल मांडली आहे, हे बाहेरूनही दिसतं. होमवर बटणाचं नाव ‘लॉगिन’, कार्टमध्ये ‘साइन इन’, प्रिस्क्रिप्शनमध्ये ‘प्रवेश करा’. नंबराआधी शून्य टाकलं तर कार्ट ‘10 अंकी क्रमांक टाका’ म्हणून अडवतं, प्रिस्क्रिप्शन मुकाट घेतं. ऑफरचं पान ॲपच्या आत उघडणारं वेबपेज आहे, त्याच्या कुकी (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) निराळ्या, म्हणून तिथे तिसरा ओटीपी.

सरकारी दवाखान्यात केस पेपर एकाच खिडकीवर निघतो आणि मग तोच कागद रक्ततपासणीला, एक्स-रेला, औषधाच्या खिडकीला दाखवायचा असतो. आपल्याकडे प्रत्येक दारावर नवा केस पेपर, आणि तोही ज्याच्या त्याच्या मर्जीच्या नावानं.

आत्ता कोण लॉगिन आहे, हे ॲपमध्ये एकाच ठिकाणी ठरायला हवं. टोकन तिथेच राहावं, अँड्रॉइडवर कीस्टोअर या फोनमधल्या चाव्यांच्या तिजोरीतल्या चावीनं कुलूपबंद आणि आयफोनवर कीचेन या गुप्त माहितीच्या तिजोरीत. स्क्रीननं ते स्वतःजवळ न ठेवता त्या एका ठिकाणाला विचारावं आणि तिथे माणूस बदलला की सगळ्या स्क्रीननी आपलं जुनं टाकून द्यावं. आपलं ॲप फ्लटर या साधनानं लिहिलेलं असो की कोटलिन या भाषेत, ही रचना कुठेही जमते. यात नवं काहीच नाही.

आणखी एक. ॲप तासाभरानं उघडलं की कधीकधी आपोआप बाहेर फेकतं. माझा अंदाज असा: टोकनची मुदत संपते, होम आणि ऑर्डर या दोन्ही स्क्रीन एकाच वेळी नवं मागायला धावतात. पहिलीला मिळतं. दुसरी तोवर बाद झालेलं रिफ्रेश टोकन (नवं टोकन मिळवण्यासाठीचं, एकदाच चालणारं) दाखवते, सर्व्हरला चोरीचा संशय येतो आणि तो सगळंच रद्द करतो. सर्व्हरचा संशय रास्तच आहे. टोकन नवं करण्याचं काम एकाच जागी असतं, तर दुसरी स्क्रीन पहिलीचं होईपर्यंत थांबली असती.

ग्राहक सेवेशी बोलायला चॅट उघडलं, तर तिथेही ओटीपी! उत्तर मिळालं, “ॲप काढून पुन्हा टाका.” माझ्या आयफोनवर तेही करून पाहिलं. पुन्हा टाकलेलं ॲप जुन्याच खात्यानं उघडलं, कारण ॲप काढलं तरी कीचेनमधलं सहसा तसंच राहतं. नव्यानं टाकल्यावर पहिल्यांदा उघडताना ते पुसायचं काम आपलं. आयफोन ते आपणहून करत नाही.

माझ्या मागण्या. काकूचं प्रिस्क्रिप्शन आईच्या खात्यातून काढून योग्य खात्यात टाकावं आणि आईच्या यादीत 25 ची गोळी परत आणावी. 100 च्या बाटलीचे पैसे परत द्यावेत. लॉगआउट केल्यावर सगळ्या स्क्रीनवरचं आणि सर्व्हरवरचंही टोकन रद्द होईल असा बदल करावा, आणि तो होईपर्यंत एका फोनवर दुसरं खातं उघडणाऱ्याला ठळक सूचना दाखवावी. एकाच फोनवरून दोन-दोन खाती चालवणारी घरं आपल्याकडे किती आहेत, हे सर्व्हरच्या नोंदींतून आपल्याला सहज काढता येईल. त्यांतल्या कुणाचं प्रिस्क्रिप्शन भलत्या खात्यात गेलं आहे का, हे तपासून त्यांना कळवावं. हे माझ्या पैशांआधी करावं.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे या पत्राची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसं न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 क्रमांकावर, तक्रार नोंदवीन. उत्तर लेखी द्यावं आणि ईमेलवर द्यावं. चॅटमध्ये नको, तिथे आई लॉगिन आहे की मी, हे मला अजून सांगता येत नाही.

आपली,
एक ग्राहक

सोबत: बाटलीचा फोटो, दोन्ही प्रिस्क्रिप्शनच्या प्रती, लॉगआउटनंतरचं स्क्रीन रेकॉर्डिंग