3 वाजताचं रीडिंग

लोटे, ता. खेड

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर धड बोलणं होत नाही. मी उठतो तेव्हा तू सी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, करून आडवा झालेला असतोस, आणि तू उठलास की फोन तुझी आई घेते. मेसचं जेवण कसं, तिकडे गुजरातेत दहेजला मासे मिळतात का, एवढ्यावरच तुमचं संपतं. म्हणून लिहायला बसलो. बाहेर पाऊस धो धो लागलाय, त्यामुळे दुसरं कामही नाही.

महिनाभर नुसतं लाईन ट्रेसिंग, कुठला पाइप कुठून कुठे जातो ते बघत फिरायला लावलंय म्हणून तू वैतागला होतास. वैतागू नकोस. ट्रेनीला रिॲक्टरला हात लावू देत नाहीत हे चांगल्या प्लांटचं लक्षण आहे. आमच्या वेळी दुसऱ्याच दिवशी मॅनहोलपाशी उभं केलं होतं. स्टीम कुठून येते, ब्राइन, ते गार मिठाचं पाणी, कुठून जातं, नायट्रोजनचा व्हॉल्व्ह कुठल्या खांबामागे आहे, हे रात्री लाईट गेल्यावर हाताला सापडलं पाहिजे. पॅनेलवरच्या चित्रात सगळ्या लाईनी सरळ दिसतात. खाली जाऊन बघशील तर एकही सरळ नसते.

पण मुद्दा वेगळाच आहे. मागच्या रविवारी तू हसत हसत म्हणालास, ‘बाबा, इथे फील्डच्या रीडिंगांचं लॉगशीट सगळे शिफ्टच्या शेवटच्या अर्ध्या तासात भरतात.’ मी तेव्हा काही बोललो नाही. आई शेजारी होती, आणि ही गोष्ट तिलाही मी कधी सांगितलेली नाही.

1996 चा पावसाळा. आमच्याकडे रंगाच्या इंटरमीडिएटचं, म्हणजे रंग बनण्याआधीच्या मालाचं काम चालायचं, डायझोच्या बॅचा. तू आयटीआयला एओसीपीच्या, केमिकल प्लांट ऑपरेटरच्या कोर्सला शिकला असशीलच: अमाइन आम्लात घ्यायचं, वरून सोडियम नायट्राइटचं द्रावण बारीक धारेने सोडायचं, आणि तापमान 0 ते 5 अंशांच्या आत ठेवायचं. तुमच्याकडे ब्राइन जॅकेटमधून फिरतं. आमच्याकडे बर्फ होता, म्हणजे हेल्परने लाद्या फोडायच्या आणि घमेल्याने वरून ओतायच्या. ऑपरेटरने दर अर्ध्या तासाने थर्मामीटर बघायचा, काचेच्या कांडीने थेंब घेऊन स्टार्च-आयोडाइडच्या कागदावर टेकवायचा. निळा डाग उमटला की नायट्राइट पुरेसं झालं. तो डाग मला अजून डोळ्यांसमोर दिसतो, करंगळीच्या नखाएवढा, कडेने जांभळट.

सलग सातवी रात्रपाळी होती. एक वाजता मी 3 अंश लिहिले, ते खरे होते. मग पोत्यावर टेकलो, आणि टेकण्याआधी दीड, दोन, अडीच आणि तीन ही चार रीडिंगं लिहून मोकळा झालो. 3, 4, 4, 4. आकडे थोडे वरखाली केले, खरे वाटावेत म्हणून. एवढी अक्कल झोपेतही होती बघ.

दोनच्या सुमारास बर्फ संपला. हेल्पर मला उठवायला आला होता. मी ‘घेऊन ये’ म्हणालो आणि कूस बदलली. तो गाडा घेऊन गेटजवळच्या बर्फाच्या शेडकडे गेला. पावसात तो चढ चढायला आणि लाद्या भरायला तास-दीड तास लागायचा. नायट्राइटचा व्हॉल्व्ह तेवढा वेळ उघडाच. साडेतीनला मला जाग आली ती वासाने. मॅनहोलमधून फेस उतू जात होता, दुधासारखा नाही, काळपट तपकिरी, आणि वर तांबूस धूर. डायझो तापला की फुटतो, नायट्रोजन सुटतो, फेस तोच आणतो. व्हॉल्व्ह बंद केला, सगळे बाहेर पळालो. कुणाला इजा झाली नाही. बॅच डांबर होऊन गेली.

सकाळी चौकशी. साहेबांनी माझं लॉगबुक उघडलं. तीन वाजता 4 अंश. म्हणजे तीनपर्यंत सगळं ठीक होतं, जे बिघडलं ते तीन ते साडेतीनमध्ये, आणि त्या वेळी बर्फ टाकायला हेल्पर जागेवर नव्हता. हिशेब सरळ होता, खोडायला जागाच नव्हती. दोन वाजल्यापासून पारा चढत होता हे फक्त मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. हेल्पर कंत्राटी. दुपारी त्याचा गेटपास काढून घेतला. जाताना तो मला म्हणाला, ‘तुम्ही तरी सांगा, मी तुम्हाला उठवलं होतं.’ मी बुटाची नाडी बांधत होतो. बांधतच राहिलो.

त्याला पुढे कुठे काम मिळालं ते मला कळलं नाही. मी शोधलंही नाही, हे खरं.

तुमच्याकडे डीसीएस आहे, म्हणजे सगळा प्लांट कॉम्प्युटरवर, आकड्यांचा ट्रेंड आपोआप निघतो, तिथे कुणाला खोटं लिहिता येत नाही असं तू म्हणशील. पण फील्डचं शीट अजून पेननेच भरतात ना? आणि थर्मोवेलमधलं, थर्मामीटर ज्या नळीत बसतो तिच्यातलं, तेल सुकलं की काचेचा थर्मामीटर मागे पडतो, कधी सेन्सरही बिघडतो, तेव्हा दोन आकडे ताडून बघणारा माणूसच लागतो. भोपाळला 1984 मध्ये त्या रात्री पावणेअकराला शिफ्ट बदलली. ज्या 610 नंबरच्या टाकीतून पुढे गॅस सुटला तिचा दाब आधी 2 पौंड होता, नव्या शिफ्टने बघितला तेव्हा 10. दहा चालतो म्हणून कुणाला खटकलं नाही. दोनाचे दहा झाले कसे, हे विचारायला आधीच्या शिफ्टचा आकडा डोक्यात असावा लागतो. म्हणून शिफ्टचा चार्ज घेताना मागचं पान उलटून बघत जा, आणि देणारा घाईत असला तरी त्याला दोन मिनिटं थांबव. बस सुटेल म्हणून कुरकुरेल, कुरकुरू दे.

व्हेसलमध्ये, बंद टाकीत, उतरायची पाळी आली तर परमिटवर ऑक्सिजन 20.9 टक्के लिहिलंय म्हणून उतरू नकोस. मीटर आत सोडायला लाव आणि आकडा स्वतः बघ. नायट्रोजनला वास नसतो, दोन श्वासांत माणूस बसतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही वर येत नाही. सीनियर हसतील, ‘कोकणी घाबरट’ म्हणतील. म्हणू देत.

शीट भरायचं राहिलं तर रकाना कोरा सोड. मेमो मिळाला तर तो फोटो काढून मला पाठव, मी रागावणार नाही.

आता गणपतीचं. रजेचा अर्ज आत्ताच टाक, ट्रेनीला सगळ्यात शेवटी विचारतात. तुझ्या शिफ्टमधली भरूचची पोरं नवरात्रात गरब्याला जाणार, त्यांच्या नऊ रात्रींतल्या चार-पाच सी शिफ्ट तू घेतो असं आजच बोलून ठेव, म्हणजे चतुर्थीला तुझ्या ते घेतील. कोकण रेल्वेचं तिकीट मी बघतो, वेटिंग दोनशेच्या पुढे गेलंय. आईने कुळथाचं पीठ आणि सोलं बांधून ठेवली आहेत, कुणी येणारा असला तर कळव.

तुझे,
बाबा