सुधीरला, सेंटरिंगच्या टोळीबद्दल

ठाणे, रविवार

प्रिय सुध्या,

उत्तराला उशीर झाला. फोनवर पाच मिनिटांत उरकेल असं हे नव्हतं, म्हणून बसून लिहितोय. माझी साखर आटोक्यात, गुडघा आहे तसाच, सुमनची पाठ बरी. झालं आमचं.

तुझ्या सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबला फळ्या-टेकू लावणाऱ्या, टोळीतली बंगालची माणसं पोलिसांनी बांगलादेशी असल्याच्या संशयावरून पडताळणीला नेली, बाकीची परतली, चौघे अजून तिकडेच, आणि तिसऱ्या मजल्याचा स्लॅब अर्धा अडकलाय. शरद्या म्हणाला असता, दुसरी टोळी लाव. वसंताने लगेच निवेदन लिहायला घेतलं असतं. तू मला कळवलंस, कारण घुसखोरीच्या ज्या मुद्द्यावरून आपण जन्मभर कट्ट्यावर भांडलो, तोच आता तुझ्या साइटवर हेल्मेट घालून उभा आहे.

आधी कामाचं. चौघांची वयं लिहून काढ, सगळं वयावर ठरतं. भारतात १ जुलै १९८७ च्या आधी जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक असतो, आईबापाचं काही दाखवावं लागत नाही. त्या तारखेपासून ३ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याच्या आईबापांपैकी एक तरी नागरिक असावा लागतो. त्यानंतर जन्मलेल्याचे दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे तुझ्या पंचेचाळिशीतल्या फिटरला स्वतःच्या जन्माचा पुरावा पुरेल, पण पंचविशीतल्या पोरांना आईचा किंवा बापाचा कागद लागेल. चौघांकडून एकच फाइल मागितली की चूक तिथेच होते.

आधार कार्डाचा गठ्ठा घेऊन चौकीवर बसू नकोस. आधार मिळतं ते १८२ दिवस इथे राहिल्याच्या बळावर आणि तो नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे त्या कायद्यातच लिहिलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याच्या एका प्रकरणात जामीन नाकारताना पॅन आणि मतदार ओळखपत्रालाही हेच लागू केलं. उपयोगी पडतात ते जुने, कंटाळवाणे कागद. शिकलेल्या पोराचं माध्यमिक परीक्षेचं ॲडमिट कार्ड, कारण बंगालमध्ये जन्मतारखेसाठी तेच चालतं. बापाच्या नावाचा जमिनीचा परचा, म्हणजे तिकडचा जमिनीचा उतारा. आणि २००२ च्या मतदार यादीचं पान. बंगालमधल्या मतदार पुनरीक्षणात, म्हणजे मतदार याद्यांच्या फेरतपासणीत, ती यादी पाया धरली आहे आणि ती निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळते. विधानसभा मतदारसंघ आणि यादीभाग कळला की आईबापाचं नाव शोधायला वेळ लागत नाही. चौघांपैकी कुणी तिकडच्या सरकारच्या ‘कर्मसाथी’ या स्थलांतरित कामगारांच्या नोंदणीत असेल तर तो क्रमांकही घे.

हे घेऊन वकिलासह जा आणि लेखी विचार: यांना अटक आहे का? असेल तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेलं का? नसेल तर कोणत्या आदेशाने ठेवलंय? पडताळणीसाठी कोणत्या जिल्ह्याला पत्र गेलं, जावक क्रमांक काय? केंद्रीय गृहमंत्रालयाने मे २०२५ मध्ये राज्यांना अशा पडताळणीसाठी ३० दिवसांची मुदत घालून दिली. तीस दिवस उत्तराची वाट बघत घालवायचे नाहीत, उत्तर आपण आणायचं. घरच्यांना म्हणावं, आपल्या गावच्या पोलीस ठाण्यात आजच अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि बंगालच्या स्थलांतरित कामगार मंडळाला कळवा. काहीच हललं नाही तर उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाची, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी, याचिका.

एवढी घाई का करतोय ते सांगतो. जून २०२५ मध्ये मुंबईच्या आसपास उचललेली मुर्शिदाबाद आणि बर्धमानची माणसं सीमेपलीकडे ढकलली गेली आणि ती भारतीय असल्याचं कळल्यावर दोन्हीकडच्या सीमा दलांची ध्वजबैठक घेऊन परत आणावी लागली. मुर्शिदाबाद, मालदा, नदिया इथली बोली आणि पलीकडची बोली, अलीकडची नावं आणि पलीकडची नावं, आपल्याकडच्या हवालदाराला सारखीच वाटणार. त्यात परदेशी नागरिकांबद्दलच्या नव्या कायद्यातही, जो १ सप्टेंबर २०२५ ला लागू झाला, मी परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच आहे. पहाटे अंगावरच्या लुंगीवर उचललेला माणूस ते कशाने सिद्ध करणार?

आणि तुला हावड्याजवळचं उलुबेरिया आठवत असेलच. जुलै १९९८, मुंबई पोलीस बांगलादेशी ठरवून नेत असलेल्या लोकांना तिथल्या जमावाने गाडीतून उतरवून घेतलं. त्या बातमीवरून आपण कित्येक दिवस बोललो नव्हतो. अण्णांनी मध्यस्थी करून मिसळ खाऊ घातली आणि बिल तुझ्या खात्यावर लिहिलं. ते अजून तिथेच आहे, विसरू नकोस! तेव्हा तू म्हणायचास, ‘कुंपण घाला, विषय मिटला.’

सुध्या, कुंपण आहे. सीमा ४,०९६ किलोमीटरची, त्यातली २,२१६ एकट्या बंगालला. सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भागावर तार आली आहे. उरलेल्यात नदी, दलदल, पद्मेतली चरं आहेत, म्हणजे पुरात बुडणारी, सरकणारी जमीन, आणि काही ठिकाणी भूसंपादन अडलंय. १९७५ च्या करारानुसार शून्य रेषेपासून १५० यार्डांत बचावाचं बांधकाम करायचं नाही, म्हणून तार बहुतेक ठिकाणी आपल्याच हद्दीत आत सरकून आहे. तिच्या पलीकडे उरली ती आपल्याच लोकांची शेतं, काही ठिकाणी घरंसुद्धा. शेतकऱ्याने फाटकावर ओळखपत्र जमा करायचं, वहीत नाव लिहायचं, ठरल्या वेळी जायचं, ठरल्या वेळी परतायचं. उशिरा फाटक उघडलं की ढगाळ दिवशीची फवारणी गेली. ताग माणसापेक्षा उंच वाढतो, नजर अडते, म्हणून तारेजवळ तो लावू नका असा दबाव, आणि त्या मातीत पैसा तागाचाच. रात्री बाई अडली तर आधी फाटक, मग दवाखाना. ऑक्टोबर २०२१ पासून सीमा सुरक्षा दलाचा अधिकार १५ ऐवजी ५० किलोमीटर आतपर्यंत आला. बेकायदा घुसणाऱ्याची पहिली किंमत हा सीमेवरचा माणूस रोज मोजतो. आपण इथे बसून घुसखोरीवर बोलताना तो आपल्या बोलण्यात कुठेच नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

गुन्ह्याचा धंदाही तिथेच शिजतो. गुरं, कोडीनवालं खोकल्याचं औषध, बनगाव पट्ट्यात सोनं आणि माणसं, वाटा त्याच आणि बऱ्याचदा दलालही तेच. दोन्ही बाजूंना एकेक दलाल. मधे लाईनमन, म्हणजे गस्त कुठे आहे हे मोबाइलवर सांगणारा गावातलाच पोरगा. शेतमजुरीपेक्षा त्यात जास्त मिळतं, म्हणून तो शाळा सोडतो. पकडला जातो तोच, किंवा नदी ओलांडणारा. दलाल घरी झोपलेला असतो. ब्यूटी पार्लरमधल्या कामाचं आमिष दाखवून आणलेल्या मुली याच वाटेने पुण्या-भिवंडीपर्यंत पोचतात, आणि तक्रार केली तर आधी आपणच आत जाऊ या भीतीने गप्प राहतात.

शहरातल्या चोऱ्या-खुनांबद्दल तुझं मत मला माहीत आहे. वांद्र्यात सैफ अली खानवर झालेल्या त्या चाकूहल्ल्यातला आरोपी बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं, त्याचा खटला न्यायालय बघेल. पण एका प्रकरणावरून सगळ्यांचं प्रमाण काढता येत नाही, कारण भागाकाराला खालचा आकडाच, म्हणजे इथे बेकायदा राहणारे बांगलादेशी एकूण किती, हाच नाही. २००४ साली संसदेत १ कोटी २० लाख सांगितले आणि मग ते विधान मागे घेतलं, २०१६ साली २ कोटी सांगितले. आपल्या तुरुंगांतल्या परदेशी कैद्यांत बांगलादेशी सर्वांत जास्त आहेत हे खरं. पण बेकायदा येणं हाच ज्यातला गुन्हा आहे, तीही माणसं त्यात धरलेली आहेत. शिक्षा संपूनही परत जायचे कागद न आल्याने बंगालच्या तुरुंगांत ‘जानखालास’ म्हणून पडून असलेलेही त्यातच. चिन्मय राहतो त्या टेक्सासात अटक झालेल्या प्रत्येकाचा स्थलांतराचा दर्जा तपासला जातो, म्हणून तिथे हिशेब मांडता आला. २०१२ ते २०१८ च्या नोंदींत गंभीर गुन्ह्यांसाठी अटकेचं प्रमाण कागदपत्रं नसलेल्यांमध्ये तिथेच जन्मलेल्यांच्या निम्म्याहून कमी निघालं. आपल्याकडेही तसंच असेल असं मी म्हणत नाही. अशी मोजणी आपण केलेलीच नाही, एवढंच म्हणतो.

आता मजुरी. इथे तू अर्धा बरोबर आहेस आणि मी हे तुला कधी मोकळेपणाने म्हटलं नव्हतं. सीमेपलीकडून बेकायदा माणूस आला की मजुरी दबते. पण कशाने दबते, ते बघ. तो शालिमारहून कुर्ल्याला उतरतो तो दलालाचं कर्ज डोक्यावर घेऊन. मुकादम त्याला खर्चीवर, म्हणजे नुसत्या आठवड्याच्या हातखर्चावर, ठेवतो. समज, रोज ७०० ठरले, महिन्याचे २६ दिवस, १८,२०० झाले. आठवड्याला १,५०० खर्ची म्हणजे चार आठवड्यांत ६,००० हातात. १२,२०० मुकादमाकडे. तीन महिन्यांत ३६,६०० अडकतात आणि ‘शटरिंग उतरल्यावर हिशेब’ हे वाक्य चालू राहतं. कामगार कार्यालयात तो जाणार नाही हे मुकादमाला पक्कं माहीत. मग त्याच टोळीतल्या मुर्शिदाबादच्या, नांदेडच्या, यवतमाळच्या माणसालाही तोच हिशेब लागतो: पटत नसेल तर जा, नाक्यावर दुसरा आहे. जो तक्रार करू शकत नाही, त्याच्या दराने सगळ्यांचा दर ठरतो. आपल्या माणसाची मजुरी खाल्ली जाते ती इथे, आणि ती त्या बांगलादेशी माणसाच्या खिशातही जात नाही.

नुसतं हाकलून दर वाढतो का? अमेरिकेने मेक्सिकन शेतमजुरांची ब्रासेरो योजना १९६४ अखेर बंद केली, ती तर परवाने देऊन आणलेली माणसं होती. पुढे अभ्यासकांनी तपासलं तर स्थानिक शेतमजुरांची मजुरी त्यामुळे वाढल्याचं दिसलं नाही. कॅलिफोर्नियाच्या मळेवाल्यांनी टोमॅटो तोडायची यंत्रं आणली. तुझ्याकडे ॲल्युमिनियमचं फॉर्मवर्क, म्हणजे स्लॅबचे तयार साचे, येईल, सेंटरिंगवाला जाईल.

तू विचारलंस, चौघांतला कुणी खरंच पलीकडचा निघाला तर काय. मग कायद्याने जे व्हायचं ते होऊ दे: गुन्हा, न्यायालय, राष्ट्रीयत्वाची खातरजमा, चेकपोस्टवर रीतसर ताबा. त्यात आडवं येऊ नकोस, खोटा दाखला तर कुणालाच मिळवून देऊ नकोस. पण त्याची मजुरी तू दिलीच पाहिजेस. मजुरीच्या किंवा अपघात भरपाईच्या कायद्यात कामगाराला नागरिकत्व विचारलेलं नाही, आणि मुकादमाने बुडवली तर मूळ मालक म्हणून ती तुझ्याच अंगावर येते. तुझ्या मुकादमाला बोलाव, चौघांची हजेरी काढ, बाकी घरच्यांच्या खात्यात टाक. नोव्हेंबर २०२५ मध्ये उत्तर चोवीस परगण्यातल्या हाकिमपूरच्या चौकीवर परत जाणाऱ्यांची रांग लागली होती. घरकाम आणि बांधकाम करणारी माणसं पिशव्या घेऊन रस्त्याकडेला बसलेली. अशा वेळी मागे राहिलेली मजुरी कोण कुणाकडे मागणार?

पुढच्या टोळीपासून एवढं कर. साइटवर येताना प्रत्येकाची नोंद तूच घे, मुकादमाच्या वहीवर विसंबू नकोस: गाव, ब्लॉक, पोलीस ठाणं, घरच्या एका माणसाचा फोन. आधारचा क्यूआर अधिकृत ॲपने स्कॅन कर आणि आत येणारा फोटो माणसाशी ताडून बघ, छापलेला फोटो बदलणं सोपं असतं. मजुरी आठवड्याला, पूर्ण, बँकेत. ९० दिवस भरले की प्रमाणपत्र देऊन बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी. १ टक्का उपकर तू भरतोसच, त्याचा लाभ तुझ्याच माणसांना का मिळू नये? ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही आहे तो अशा साइटवर टिकत नाही, आणि मुकादमाला भीती विकायला गिऱ्हाईक उरत नाही.

गडचिरोलीच्या मूलचेरा-चामोर्शीकडून कुणी आलं आणि बंगाली बोललं तर दचकू नकोस. सरकारनेच दंडकारण्यात वसवलेल्या निर्वासितांची ती नातवंडं आहेत.

चिन्मयच्या लग्नाचं पक्कं झालं का? वहिनींचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी? नानांच्या घराची वाटणी यंदा तरी उरका, तू मोठा आहेस. गच्चीवरचा हापूस धरला का? बाकी भेटीत.

तुझा,
विनायक

ता.क. चौघांतला सगळ्यात लहान १९९९ चा आहे म्हणालास. त्याच्या आईचं नाव लग्नानंतरच्या गावच्या यादीत असेल, पण २००२ साली ती कुठे राहत होती ते आधी विचार. बंगालीत छापलेल्या यादीत नावाची अक्षरं थोडी वेगळी असतील तर पान सोडून देऊ नकोस. वय, घर क्रमांक आणि नवऱ्याचं नाव जुळतंय का बघ आणि मला फोटो पाठव, मी वाचून घेतो.